व्हेरियंटशी व्हेरियंट ताडा: चार मीटरच्या आतली नवी गाडी निवडताना

शोरूमच्या दाराशी उभी असते ती नेहमी टॉप मॉडेल. सनरूफ, भला मोठा स्क्रीन, सोळा-सतरा इंची अलॉय, गार हवा सोडणाऱ्या सीट. आपण बसून बघतो ती ही गाडी आणि बुक करतो तिच्या दोन पायऱ्या खालची व्हेरियंट, म्हणजे त्याच गाडीची कमी फीचरची आवृत्ती. तुलना फसते ती इथेच. ‘ब्रेझा चांगली की नेक्सॉन?’ हा प्रश्न अर्धाच आहे. ‘ब्रेझाची अमुक व्हेरियंट, पेट्रोल मॅन्युअल, आपल्या आरटीओत ऑन-रोड (टॅक्स-विम्यासकट) इतक्याला; तेवढ्याच पैशांत नेक्सॉनची कुठली व्हेरियंट येते?’ असा विचारला की तो पुरा होतो. दोन गाड्यांमध्ये जेवढा फरक असतो, त्याहून जास्त फरक कधीकधी एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या व्हेरियंटमध्ये असतो.

पुढचं सगळं आठ ते तेरा लाखांच्या टप्प्यातल्या, चार मीटरच्या आतल्या एसयूव्ही डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. उदाहरणं मुख्यतः मारुती ब्रेझा, टाटा नेक्सॉन, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ आणि स्कोडा कायलॅक यांची. रीत मात्र स्विफ्टपासून क्रेटापर्यंत कुठेही लावता येते. कंपन्या दर वर्षी व्हेरियंट हलवतात, म्हणून इथला प्रत्येक आकडा बुकिंगच्या आठवड्यातल्या माहितीपत्रकाशी एकदा ताडून घ्या.

आधी टेप घ्या हातात

गाड्या बघायला निघण्याआधी घरच्या पार्किंगची रुंदी, दाराची उंची आणि वळणाची जागा मोजा. मुंबई-पुण्याच्या नव्या सोसायट्यांत यांत्रिक पार्किंग असतं, आणि त्यातल्या बऱ्याच खणांची उंची सेडानच्या हिशेबाने धरलेली असते. ब्रेझाची उंची १६८५ मिमी, ३एक्सओची १६४७, नेक्सॉनची १६२०, कायलॅकची १६१९. खणावर १५५० ची पाटी असेल तर या चारही गाड्या तिथेच बाद. रुंदीतही फरक आहे: कायलॅक १७८३ मिमी, ब्रेझा १७९०, नेक्सॉन १८०४, ३एक्सओ १८२१. हे आकडे आरसे सोडून असतात. खांबाला लागून असलेल्या जागेत हा दीड इंच दार उघडताना रोज जाणवतो.

मग एका कागदावर चार गोष्टी लिहा: महिन्याचे किलोमीटर, त्यातले शहरातले किती, मागच्या सीटवर नेहमी कोण बसणार, आणि वर्षातून किती वेळा पाच माणसं सामानासकट घाट चढणार. सेल्समनने काहीही दाखवलं तरी हा कागद बदलायचा नाही.

किंमत: करातली गोम

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल किंवा सीएनजी असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेली गाडी १८ टक्क्यांत. बाकी सगळ्या ४० टक्क्यांत. इलेक्ट्रिक ५ टक्क्यांत.

याचा तुलनेवर थेट परिणाम होतो. नेक्सॉन, ३एक्सओ आणि कायलॅकची पेट्रोल इंजिनं १२०० सीसीच्या आत आहेत. ब्रेझा चार मीटरच्या आत असली तरी तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून तिला ४० टक्के लागतात. एक्स-शोरूम (रोड टॅक्स-विम्याआधीची किंमत) १० लाखांच्या गाडीत १८ टक्के कर असेल तर कर वजा जाता सुमारे ८.४७ लाखांचा माल उरतो. ४० टक्के असेल तर ७.१४ लाखांचा. त्याच किमतीत ब्रेझात फीचर कमी का दिसतात, याचं मोठं कारण हे. तिचं बलस्थान वेगळं आहे, ते इंजिनाच्या भागात येईलच.

त्यानंतर रोड टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यावर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर २ टक्के जास्त: १३, १४, १५. दर पूर्ण किमतीवर लागतो, वरच्या भागावर नव्हे. म्हणजे ९.९५ लाखांच्या पेट्रोल गाडीला सुमारे १,०९,४५० रुपये टॅक्स आणि १०.०५ लाखांच्या गाडीला १,२०,६००. शिवाय १० लाखांवर गेलं की १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापला जातो. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण शोरूममध्ये मोजावा लागतोच. दहा लाखांच्या उंबरठ्यावरची गाडी घेताना ‘फक्त दहा हजार जास्त’ म्हणून वरची व्हेरियंट घेणाऱ्याला खरा फरक तीस हजारांचा पडतो. आणि गाडी कंपनीच्या नावावर घ्यायची असेल तर आधी सीएला विचारा, कारण तिथे रोड टॅक्स थेट २० टक्क्यांवर जातो.

विम्यातही सीसी डोकावतं. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४०, त्यावर २४,५९६, जीएसटी वेगळा. कायलॅकचं ९९९ सीसीचं इंजिन इथे चार हजार वाचवतं. रक्कम छोटी आहे, पण हिशेबाच्या कागदावर यायला हवी.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी: भावना बाजूला, भागाकार करा

माहितीपत्रकातलं मायलेज प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरावीक चक्रात मोजलेलं असतं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून त्याच्या ६० ते ७० टक्के धरा. हायवेवर ८०-९० च्या वेगाने चालवलं तर ८० ते ९० टक्के. पेट्रोल आता सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं मिळतं. नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या आहेत, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने मायलेजचा आकडा जुन्या आठवणींपेक्षा थोडा खालीच राहणार.

आता भागाकार. पेट्रोल १०४ रुपये आणि शहरात १३ चं मायलेज धरा: किलोमीटरला ८ रुपये. डिझेल ९१ रुपये आणि १७ चं मायलेज: ५.३५ रुपये. सीएनजी किलोला ९० रुपये आणि किलोमागे २० किमी: ४.५० रुपये. डिझेलची व्हेरियंट टॅक्ससकट १,३०,००० ने महाग असेल तर किलोमीटरमागे वाचणाऱ्या २.६५ रुपयांनी ते पैसे वसूल व्हायला सुमारे ४९,००० किमी लागतात. सीएनजी ९५,००० ने महाग असेल तर २७,००० किमीत वसूल. आपल्या गावचे भाव आणि आपल्या गाडीच्या किमती घालून हाच हिशेब करा. महिन्याला ८०० किमी चालवणाऱ्याला डिझेलचे पैसे निघायला पाच वर्षं लागतील.

डिझेलची दुसरी अडचण हिशेबात दिसत नाही. बीएस-६ (सध्याच्या धूर-नियमांच्या) डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती स्वतःला साफ करते, म्हणजे काजळी जाळते. त्यासाठी इंजिन पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावं लागतं. रोज चार किलोमीटरवरच्या शाळेत मुलांना सोडून परत, एवढाच वापर असेल तर गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी ताकद कमी करून टाकते. दिवा लागला तर गाडी बंद करून टाळू नका. हायवेवर खालच्या गिअरमध्ये, २००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर ठेवून वीस मिनिटं फिरवून आणा. दर आठवड्याला कोल्हापूर-पुणे किंवा नाशिक-मुंबई करणाऱ्याला हा प्रश्न येतच नाही, आणि २५०-३०० न्यूटन-मीटर टॉर्कचं (ओढायच्या जोराचं) डिझेल घाटात जे करतं ते दुसरं इंजिन करत नाही.

सीएनजीत तीन गोष्टी बघा. पहिली, ताकद: ब्रेझा पेट्रोलवर १०३ पीएस (अश्वशक्ती), सीएनजीवर ८८. नेक्सॉन सीएनजीला टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) आहे, त्यामुळे पीएस १०० वर येतात पण टॉर्क १७० न्यूटन-मीटर तसाच राहतो. दुसरी, डिकी: एकच मोठी टाकी डिकी खाऊन टाकते, दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली बसवलेल्या गाड्यांत डिकी बऱ्यापैकी वाचते (नेक्सॉन सीएनजीत ३२१ लिटर). तिसरी, तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा पंप. संध्याकाळी सात वाजता तिथे जाऊन रांग मोजा. प्रेशर कमी असलेल्या पंपावर टाकी पूर्ण भरतच नाही, मग १५० किमीत पुन्हा रांग. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते, तोही खर्च धरा.

इलेक्ट्रिकचा प्रश्न गाडीपेक्षा पार्किंगचा आहे. स्वतःच्या मीटरवरून जागेपर्यंत वायर टाकता येत असेल तर विचार करा, नसेल तर नको. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॉट-तासाच्या बॅटरीला प्रमाणित आकडा ४८९ किमीचा आहे, प्रत्यक्षात साडेतीनशेच्या आसपास धरा. ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर पूर्ण भरायला १५ तासांच्या आसपास, ७.२ वर सात. वाया जाणारी वीज धरून ५० युनिट, युनिटला १२ रुपये, म्हणजे किलोमीटरला १.७० रुपये. आकडा मोहात पाडणारा आहे, पण सोसायटीची परवानगी आणि विजेचा वाढीव मंजूर भार हातात आल्यावरच बुकिंगचे पैसे भरा.

इंजिन आणि गिअरबॉक्स: घाटात कळतं

माहितीपत्रकात पीएसच्या आकड्याकडे सगळे बघतात. त्याखालच्या ओळीत टॉर्क आणि तो किती आरपीएमला मिळतो हे लिहिलेलं असतं, ते वाचा. ब्रेझा: १३७ न्यूटन-मीटर, ४४०० आरपीएमला. नेक्सॉन टर्बो पेट्रोल: १७०, १७५० ते ४००० च्या दरम्यान. ३एक्सओचं साधं टर्बो: २००, १५०० ते ३५०० दरम्यान. कायलॅक: १७८, १७५० ते ४०००.

याचा अर्थ असा. आंबा घाटात पाच माणसं, एसी चालू, समोर ऊस भरलेला ट्रक. ३एक्सओत तिसऱ्या गिअरमध्ये थोडा पाय दाबला की गाडी ओढून घेते. ब्रेझात दुसरा टाकावा लागतो, इंजिन गुरगुरतं आणि मग ती जाते. जाते नक्की, पण खालचा गिअर मागून घेऊन. उलट सिग्नल ते सिग्नल चालताना ब्रेझाचं चार सिलिंडरचं, बिनटर्बोचं इंजिन लोण्यासारखं चालतं. टर्बो तीन सिलिंडर इंजिनांत उभ्या गाडीत स्टिअरिंगला हलकी थरथर जाणवते आणि १५०० आरपीएमच्या खाली गाडी ‘झोपते’. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चालवणाऱ्याला हे झोपणं फार खटकतं. टर्बो गाडीला ऑइल वेळेवर आणि नेमक्या ग्रेडचं लागतं. ‘चालेल अजून दोन हजार’ ही सवय असलेल्या माणसाने बिनटर्बो गाडी घ्यावी. दहा वर्षं ठेवायची आणि तालुक्याच्या मेकॅनिककडून करून घ्यायची तर ब्रेझाचं साधेपण हेच तिचं बळ.

ऑटोमॅटिक म्हणजे एकच चीज नव्हे. एएमटी हा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच तेवढा यंत्र दाबतं. स्वस्त आणि मायलेजला चांगला, पण गिअर बदलताना मान डोलते आणि चढावर थांबून निघताना गाडी मागे सरकू शकते. हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) आहे का हे व्हेरियंटनुसार तपासा. टॉर्क कन्व्हर्टर (ब्रेझा, ३एक्सओ, कायलॅक) क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवतो; तो मऊ, दणकट, पेट्रोल थोडं जास्त पितो. ड्युअल क्लच चपळ असतो, पण बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये सतत अर्धवट क्लचवर राहिल्याने तापण्याची शक्यता त्यालाच सर्वात जास्त. ट्रॅफिक हेच आयुष्य असेल तर टॉर्क कन्व्हर्टर घ्या आणि महिन्याला पाचशे रुपयांचं जादा पेट्रोल सोडून द्या.

सुरक्षा: तारे मोजा, पण खालची ओळही वाचा

भारत एनकॅपच्या, म्हणजे टक्कर देऊन गाडीला सुरक्षेचे तारे देणाऱ्या, चाचण्या १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहेत. समोरून अर्धवट टक्कर ताशी ६४ किमीला, बाजूने ५० ला, खांबावर बाजूने २९ ला. मोठ्यांसाठी ३२ पैकी गुण, मुलांसाठी ४९ पैकी. पाच तारे मिळायला मोठ्यांत किमान २७ आणि मुलांत ४१ लागतात. नेक्सॉनला २९.४१ आणि ४३.८३, ३एक्सओला २९.३६ आणि ४३, कायलॅकला ३०.८८ आणि ४५. पाच तारेवाल्या दोन गाड्यांत अर्धा-एक गुण पुढे-मागे असेल तर त्यावर निर्णय फिरवू नका. चाचणी ऐच्छिक आहे, म्हणून जी गाडी निवडली तिचा निकाल कुठल्या व्हेरियंटना लागू आहे ते बघा.

ताऱ्यांइतकंच महत्त्वाचं: तुमच्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), मागे मधल्या माणसाला तीन टोकांचा पट्टा आणि डोक्याला आधार आहे का? मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक प्लास्टिकच्या झाकणामागे सहज सापडतात का? लहान मूल असेल तर त्याची सीट शोरूममध्ये नेऊन बसवूनच बघा. एडास (पुढचा धोका ओळखून चालकाला मदत करणारी यंत्रणा) हवं असेल तर समोरच्या काचेची किंमत आधी विचारा. कॅमेरा काचेमागे असतो आणि काच बदलली की तो पुन्हा जुळवावा लागतो.

डिकी आणि ग्राउंड क्लिअरन्स: आकडा कसा मोजला ते विचारा

कायलॅकची डिकी ४४६ लिटर असं छापलेलं दिसतं. तो आकडा पार्सल ट्रे काढून, छतापर्यंत भरल्याचा; ट्रे असताना ३६०. नेक्सॉनचे ३८२ आणि ब्रेझाचे ३२८ यांच्याशी तुलना करताना दोन्हीकडे एकच रीत हवी. त्याहून सोपं म्हणजे घरची सर्वात मोठी बॅग आणि आईची पिशवी घेऊन जाणे. लिटरच्या आकड्यात डिकीचा उंबरठा किती उंच आहे आणि चाकांच्या कमानी किती आत आल्यात हे कळत नाही.

ग्राउंड क्लिअरन्सही काही कंपन्या रिकाम्या गाडीचा सांगतात, काही भरलेल्या. नेक्सॉन २०८ मिमी, ब्रेझा १९८, कायलॅक १८९. पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी आरामात तीन-चार सेंटिमीटर खाली बसते. कोकणातल्या घरी चिऱ्याच्या चढणीवरून गाडी आत घ्यायची असेल तर ती परीक्षा टेस्ट ड्राइव्हमध्ये पाच जण बसवूनच घ्या.

मागे तिघं कायम बसणार असतील तर ३एक्सओची रुंदी आणि २६०० मिमीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) कामाला येतो. कायलॅकमध्ये मागे दोघं सुखात, तिसरा तडजोडीत. ब्रेझाची सीट उंच, गुडघे दुखणाऱ्या आजीला चढ-उतार सोपी.

टेस्ट ड्राइव्ह: चाळीस मिनिटं, स्वतःच्या रस्त्यावर

गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघा. त्यावर टायरचं प्रेशर लिहिलेलं असतं, बहुधा ३३ च्या आसपास. मग डेमो गाडीच्या टायरमधली हवा मोजायला सांगा. कारखान्यातून ट्रेलरवर येताना हवा ४० च्या वर भरलेली असते आणि पुष्कळदा ती तशीच राहते. फुगलेल्या टायरवर चांगली गाडीही खड्ड्यात टणटण उडते, आणि ‘सस्पेन्शन कडक’ असा शिक्का मारून आपण घरी येतो. हवा बरोबर करून मगच निघा. सेल्समन कंटाळेल, कंटाळू द्या.

दुपारी बारा ते तीनमध्ये जा, गाडी उन्हात उभी असताना. चंद्रपूर-नागपूरकडच्या माणसाला एसीची खरी परीक्षा हीच: दारं बंद, पंखा तिसऱ्यावर, मागच्या सीटवर थंडावा पोहोचायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. सनरूफवाली व्हेरियंट असेल तर झाकण बंद असतानाही डोक्यावर ऊब येते का, हेही.

मग हे क्रमाने: सीट आणि स्टिअरिंग जुळवल्यावर क्लचसाठी पाय पूर्ण ताणावा लागतो का, डावा पाय टेकवायला जागा आहे का. उजव्या वळणावर समोरच्या खांबाआड स्कूटरवाला लपतो का. एकच मोठा स्पीडब्रेकर तीन वेळा: १५, २५ आणि ३५ च्या वेगाने, आणि तिसऱ्या वेळी स्वतः मागच्या सीटवर बसून. खड्ड्यांच्या रस्त्यावर ४० ने, रेडिओ बंद. उतारावर ६० वरून जोरात ब्रेक, मागे कोणी नाही बघून. चढावर पूर्ण थांबून, हँडब्रेक न लावता निघणं. अरुंद गल्लीत यू-टर्न. चालत्या गाडीत, नजर रस्त्यावर ठेवून एसी कमी करणं. नेक्सॉनमध्ये ही पट्टी बरीचशी स्पर्शाची आहे, ब्रेझा आणि ३एक्सओत बटणं आहेत. खडबडीत रस्त्यावर बटण कधीही बरं.

दुसरी गाडी त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर चालवा. आठवड्याच्या अंतराने चालवलेल्या दोन गाड्यांची तुलना म्हणजे नुसती आठवणींची तुलना. जमलं तर एक फेरी रात्री मारा, हेडलाइटसाठी. आणि डेमो टॉप मॉडेल असेल तर तुमच्या व्हेरियंटमध्ये यातलं काय नसेल याची यादी लिहून घ्या: सीटची उंची कमी-जास्त होणं, मागचा वायपर, एलईडी दिवे, टायरचा आकार.

पार्ट्स काउंटरवर पाच मिनिटं

हे फारसं कोणी करत नाही. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर जाऊन पाच वस्तूंचे भाव विचारा: पुढचा बंपर, एक हेडलाइट, बाजूचा आरसा, समोरची काच, क्लच सेट. दोन गाड्यांत फरक डोळे उघडणारा असतो, विशेषतः एलईडी हेडलाइटमध्ये. आणि लगेच विचारा, ‘आज ऑर्डर दिली तर कधी येईल?’ उत्तर ‘बघावं लागेल’ असं आलं तर ते किमतीच्या रकान्यात उणे म्हणून लिहा. सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब, हेही. उमरग्याहून सोलापूरला दर सर्व्हिसला जायचं असेल तर एक दिवस आणि दोनेकशे किलोमीटर त्या सर्व्हिसच्या बिलात धरा.

कोटेशन आणि डिलिव्हरी

कोटेशन छापील आणि ओळवार मागा. एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा नोंदवायचे १,५००, विमा, फास्टॅग. याखाली ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’, ‘आरटीओ सर्व्हिस’ अशी ओळ दिसली की विचारा, ‘याची सरकारी पावती मिळेल का?’ उत्तर येतं, ‘साहेब, हे सगळीकडे घेतात.’ पावती नाही तर पैसे नाहीत, एवढंच म्हणा. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून त्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेली गाडीची किंमत), झिरो डेप (पार्ट्सची घट न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्टसकट कोटेशन आणा, शोरूमचा भाव बहुतेक वेळा खाली येतो. इंजिन प्रोटेक्ट पावसाळ्यासाठी घ्याच. तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की पाणी सिलिंडरमध्ये जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात ते बसत नाही. घासाघीस करायची तर पितृपक्षात जा. गिऱ्हाईक नसतं, मॅनेजर मोकळा असतो.

गाडीला नंबर पडण्याआधी यार्डात जाऊन दिवसाउजेडी तपासा. एकदा नोंदणी झाली की ती गाडी तुमची, मग पत्र्यावरच्या ओरखड्याचं भांडण टचअपवर मिटतं. चॅसी नंबर कागदाशी जुळवा. बहुतेक कंपन्यांत त्यातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६. जानेवारीत डिसेंबरची गाडी मिळत असेल तर हरकत नाही, पण सवलत घेऊन. आरसीवर निर्मितीचा महिना छापला जातो आणि विकताना गिऱ्हाईक तोच बघतं. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर एकाच काळातले हवेत, स्टेपनी धरून. स्टेपनीऐवजी पंक्चर किट दिलं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच कळायला हवं. सगळ्या काचांवरचे शिक्के एकाच कंपनीचे का ते बघा. एखादी काच वेगळी असेल तर ती वाहतुकीत फुटून बदललेली असू शकते. दारांच्या फटी बोटाने चाचपा, बॉनेटचे नट खोललेले दिसतात का ते बघा, मीटरवर शंभराहून जास्त किलोमीटर असतील तर कारण विचारा. मॅट उचलून खाली ओल नाही ना, हे पावसाळ्यात हमखास.

मुहूर्त पाडव्याचा किंवा दसऱ्याचा धरला असेल तर त्या दिवशी शोरूममध्ये हार घातलेल्या गाड्यांची रांग असते आणि तपासायला कोणी दहा मिनिटंही देत नाही. यार्डातली तपासणी आणि पैसे आठ-दहा दिवस आधी उरका, नंबर प्लेट लागली का ते आदल्या दिवशी जाऊन बघा, आणि मुहूर्ताच्या दिवशी दुसरी किल्ली, जॅक, पाना आणि विम्याची प्रत मोजून घ्यायलाच तेवढं थांबा.